घरी बांधलेल्या गाडीलाही नंबर मिळायला हवा

परिवहन कार्यालयात गाडीच्या नोंदणीचा जो अर्ज भरतात, त्यात ‘उत्पादकाचे नाव’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात मी काय लिहू, एवढंच विचारायला दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात गेलो होतो. गाडी तयार नव्हती. तिची चॅसी, म्हणजे सांगाडा, तेवढी घराखालच्या पार्किंगमध्ये उभी होती, आणि पुढचा खर्च करण्याआधी कायदा समजून घ्यावा असं मनात होतं. खिडकीमागचे गृहस्थ भले होते. त्यांनी मोबाइलवरचे फोटो मोठे करून एकेक जोड पाहिला, ‘हे घरी केलंत?’ असं दोनदा विचारलं, शेजारच्या सहकाऱ्यालाही दाखवलं. मग म्हणाले, ‘काम झकास आहे साहेब. पण इथं कंपनीचं नाव लागतं. सेल सर्टिफिकेट कोण देणार तुम्हाला?’

प्रश्न नेमका होता. नवी गाडी नोंदवायची तर नमुना २१ लागतो, म्हणजे विक्रीचा दाखला. शिवाय नमुना २२ लागतो: गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते, रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असं उत्पादकाने लिहून दिलेलं. मी ही गाडी कुणाकडून विकत घेतलेली नाही, तर विक्रीचा दाखला आणू कुठून? आणि दुसरा दाखला मीच मला दिला तर त्याला काही किंमत नाही, नसावीही. माझं म्हणणं इतकंच आहे की तो दाखला देणारं कुणीतरी त्रयस्थ आणि जाणकार असावं, आणि एकच गाडी बांधणाऱ्या माणसाला त्याच्या दारापर्यंत जाता यावं. आज जाता येत नाही.

मी फॅब्रिकेशनवाला. तीस वर्षं कोल्हापुरात हाच धंदा करतोय: गेट, जिने, शेड, साखर कारखान्यांची किरकोळ कामं. बांधतोय ती गाडी दोन माणसांची, बुटकी, बिनटपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. त्यासाठी अपघातात चेपलेली एक ईको कागदपत्रांसह घेतली. तिचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं, म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल असे तिन्ही जसेच्या तसे उपयोगी पडतात. स्टिअरिंगची रॅक मारुती ८०० ची. बाकी सांगाडा सगळा माझ्या हातचा.

चॅसी म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातला माणूस गेटवरून सांगेल. चार पाइपांचा चौकोन जोडून बिजागरीवर टांगला की काही महिन्यांत तो लोंबतो आणि कडी लागेनाशी होते. म्हणून आम्ही त्यात तिरका पाइप मारतो. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि पाइप वाकल्याशिवाय किंवा जोड तुटल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. मांडववाला बांबूंना तिरका बांबू बांधतो तोही याचसाठी. हेच गणित लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी मांडलं की स्पेसफ्रेम होते. माझ्या गाडीत पंचवीस मिलिमीटरचा, सोळा गेजचा चौकोनी पाइप आहे, साधारण पन्नास मीटर. वजनावर मिळतो, पाच हजारांच्या आत येतो. सांगाडा दोन माणसं सहज उचलतात.

पाइप स्वस्त आहे, कापणं सोपं आहे. अवघड काय, तर तो सरळ ठेवणं. वेल्डिंगची उष्णता धातूला आधी फुगवते आणि निवताना ओढून घेते. गेटमध्ये दोन मिलिमीटरची ओढ कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडीत त्याच दोन मिलिमीटरमुळे पुढचं एक चाक आत बघतं, एक बाहेर, आणि ऐंशीच्या वेगाला ब्रेक मारला की गाडी एका अंगाला खेचते. म्हणून आधी सपाट टेबल हवं. मी दोन गर्डर लेव्हल केले, त्यावर जाड प्लाय टाकला, मधोमध रेषा मारली आणि प्रत्येक पाइपची जागा पेन्सिलने आखून दोन्ही बाजूंनी ठोकळे ठोकले. आधी सगळ्या सांगाड्याला नुसते टाके मारायचे. मग कर्ण मोजायचे: डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि उलट. दोन्ही मापं सारखी आली तरच पुढे जायचं. पुढे गेल्यावरही एक जोड इकडचा, एक तिकडचा, मधे निवायला वेळ.

मी हे सगळं जाणून असूनही पहिल्या खेपेला घाई केली. त्या रात्री लाइट जाणार होती म्हणून उजवी बाजू एका बैठकीत पूर्ण वेल्ड केली. सकाळी कर्ण मोजले तर चार मिलिमीटरचा फरक. शेजारच्या गाळ्यातले मेस्त्री आले, गुण्या लावून पाहिला, काही बोलले नाहीत, नुसता कटर माझ्या हातात दिला. अकरा जोड कापून पुन्हा केले. तेव्हापासून माझ्या दुकानातली पोरंही गेटचे जोड आलटूनपालटून मारतात.

मग सांगाडा किती पिळतो ते पाहिलं. मागचे दोन कोपरे जमिनीतल्या अँगलला घट्ट आवळले, पुढचं टोक मधोमध एका गोल बारवर टेकवलं आणि आडवा एक मीटरचा दांडा बांधून त्याच्या टोकाला सिमेंटचं पोतं टांगलं. पन्नास किलो, एक मीटरवर, म्हणजे सुमारे ४९० न्यूटन-मीटरचा पीळ. दांड्याचं टोक नऊ मिलिमीटर खाली आलं. म्हणजे साधारण अर्धा अंश. इंजिनच्या जागेच्या वरचा चौकोन उघडा होता, तिथे काढता-घालता येणारा तिरका पाइप बोल्टने बसवला, तळाला आणि मधल्या बोगद्याला (ज्यातून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरतो) ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला. तेच पोतं, तोच दांडा. सहा मिलिमीटर. ती दोन मापं मी वहीत तारखेसह लिहून ठेवली आहेत, फोटोही आहेत. हे इतक्या तपशिलाने सांगतोय, कारण ‘घरी बांधलेली गाडी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तारेने बांधलेलं काहीतरी येतं. ज्याला आपल्याच पोराला शेजारी बसवून गाडी चालवायची आहे, तो माणूस पोतं टांगून मोजतो.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की मूळ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. हे झालं विकत घेतलेल्या गाडीचं. नव्याने बांधलेल्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ लागतो. उत्पादकाने गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासायला द्यायचा. या संस्थांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत: पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. म्हणजे देशातलं वाहनतपासणीचं सर्वांत जुनं ज्ञान माझ्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे.

पण ही तपासणी लाखोंनी गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी रचलेली आहे. एक नमुना पास झाला की त्याच साच्यातल्या पुढच्या सगळ्या गाड्या पास. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहण्याच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. कंपनीला त्यासाठी चार गाड्या मोडणं परवडतं. माझी गाडी एकच आहे. ती भिंतीवर आपटून पास झाली तरी नोंदवायला उरत नाही. कायद्याने मला नकार दिलाय असंही नाही. त्याने माझा विचारच केलेला नाही.

ब्रिटनने केला. तिथे हौशी माणसाने स्वतःसाठी बांधलेल्या गाडीकरता १९९८ मध्ये एकेका गाडीची तपासणी सुरू झाली. २००९ पासून तिची जागा ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ने घेतली. तिथले हौशी लोक या तपासणीला घाबरून असतात, इतकी ती बारीक आहे. ब्रेक रोलरवर मोजतात. सीटबेल्ट कुठे आणि कशाला अडकवलाय ते बघतात. आरसे, दिवे, आवाज, धूर, स्पीडोमीटर खरा वेग दाखवतो का, धडकेत स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसेल का, हे सगळं. बाहेरच्या बाजूने एखाद्या पादचाऱ्याला लागू शकेल अशी कड असेल तर तिला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. त्यासाठी लोक नटबोल्टच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवतात. गाडी स्वतः बांधली याचा पुरावा म्हणून कामाचे फोटो आणि पावत्या लागतात. नापास झाली तर कारणांचा कागद मिळतो, दुरुस्त करून परत न्यायची. जुन्या भागांतून बांधलेल्या, वय ठरवता न येणाऱ्या गाडीच्या नंबरची सुरुवात ‘क्यू’ या अक्षराने होते. पुढे विकत घेणाऱ्याला त्यावरूनच कळतं की ही कारखान्यातली नाही. जर्मनीत एकेका गाडीला स्वतंत्र परवाना मिळण्याची सोय आहे. न्यूझीलंडमध्ये हौशी मंडळी आणि सरकार यांनी मिळून नियमावली बसवली आहे. प्रमाणक अभियंता गाडी तपासतो आणि काय काय मान्य केलं ते कोरलेली पट्टी गाडीला लावतो. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमांतून सवलत मिळते, पण वर्षाला पाचशेच प्रमाणपत्रं निघतात.

हा खेळण्यांचा लाड नव्हे. १९४८ मध्ये लंडनला कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून एक गाडी बांधली. तिला त्याने लोटस म्हटलं. पुढे त्याच्या लोटसने फॉर्म्युला वनचं उत्पादकांचं विजेतेपद सात वेळा मिळवलं. १९५७ ची त्याची लोटस सेव्हन लोकांना सुट्या भागांत मिळायची, कारण जोडलेल्या गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. माझ्या पार्किंगमधला सांगाडा त्याच घाटाचा आहे, जगभरच्या हजारो गॅरेजांमध्ये आज तो घाट बांधला जातो. गॉर्डन मरे यानेही १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत, दरबानला, आधी स्वतःची रेसची गाडी स्वतः बांधली आणि मग इंग्लंडला जाऊन फॉर्म्युला वनच्या गाड्या आखल्या. ब्रिटनमध्ये रेसच्या गाड्यांचा एवढा मोठा धंदा उभा राहिला त्याची मुळं अशा शेडमध्ये आहेत.

आपल्याकडे शेड नव्हत्या का? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी गाडी केली. पुढची वीसेक वर्षं ते एकामागून एक सुधारलेले नमुने करत राहिले. ‘मीरा’ नावाची त्यांची ती स्वस्त छोटी मोटार कारखान्यापर्यंत कधी पोहोचली नाही. इचलकरंजी माझ्यापासून तासाभरावर आहे, आणि आमच्या तरुण पोरांपैकी एकालाही हे नाव माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. अलिबागजवळ कार्लेखिंडीत ‘चिंकारा’ नावाच्या छोट्या कंपनीने लोटस सेव्हनच्याच वळणाची रोडस्टर बांधली, इंजिन ॲम्बॅसडरमध्ये यायचं तेच १.८ लिटरचं इसुझू. आणि डिसेंबर २०२१ चं देवराष्ट्रे तर सगळ्यांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बांधली. व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळालीही. देणाऱ्याचं मन मोठं, यात शंका नाही. पण त्या कौतुकाच्या गर्दीत कुणी विचारलं नाही की त्या माणसाला त्याचीच गाडी तपासून घेण्याची, काय चुकलंय ते समजून घेण्याची आणि सुधारून रस्त्यावर आणण्याची वाट का नव्हती. त्याला बोलेरो मिळाली. देशातल्या बाकीच्या लोहार, फिटर, वेल्डरांना काय मिळालं?

आता विमानाचं बघा. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी दिली. त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, पण शेवटी एक विमान, एक माणूस, एक तपासणी अशी सोय व्यवस्थेने करून दिली. गच्चीवर बांधलेल्या विमानाला आकाश मिळतं, तर पार्किंगमध्ये बांधलेल्या गाडीला पुणे–बंगळूर रस्ता मिळू नये, याचं कारण मला तरी सापडत नाही.

आणि गाडी म्हणजे कारखान्यातच पूर्ण झालेली वस्तू, हेही आपल्या रस्त्यांवर खरं नाही. हायवेवर उघडी चॅसी जाताना सगळ्यांनी पाहिली आहे: पुढे इंजिन, मागे नुसते दोन लांब लोखंडी बार, आणि लाकडी खोक्यावर गोणपाट टाकून, डोक्याला मफलर गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. ती चॅसी कुठल्यातरी बॉडी बिल्डरकडे जाते आणि तिथे तिची बस किंवा ट्रक होतो. कायद्याला हे माहीत आहे, म्हणून नमुना २२-अ चे दोन भाग आहेत: एक चॅसी बनवणाऱ्याने भरायचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याने. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ हे मानकही आहे. पन्नास प्रवाशांच्या डोक्यावरचं छत छोट्या वर्कशॉपमध्ये वेल्ड होऊ शकतं आणि त्याचा दाखला निघू शकतो. मग दोन माणसांच्या गाडीसाठी तसा एक नमुना का निघू नये? उत्पादकांना तर परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या वर्षाला २५०० पर्यंत इथे पुन्हा चाचणी न करता आणता येतात. परक्याच्या दाखल्यावर आपण विश्वास ठेवतो. माझ्या गाडीला निदान आपल्या संस्थेने दाखला द्यावा, एवढंच मी मागतोय.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत.

पहिला सुरक्षिततेचा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून कुणी म्हणालं की आणखी धोका नको, तर त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे. मी कबूल करतो की माझ्या गाडीत एअरबॅग नाही, छप्पर नाही, आणि मोठ्या धडकेत आजच्या चांगल्या गाडीइतकं संरक्षण ती देणार नाही. मोटारसायकलीपेक्षा नक्कीच जास्त देईल. पण त्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा आहे, त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. कारणांत वेग सगळ्यात वर आहे. तज्ज्ञांनी ब्रेकपासून वेल्डपर्यंत तपासलेल्या, वर्षाला दोन-पाच हजार किलोमीटर धावणाऱ्या मोजक्या गाड्यांमुळे तो आकडा वाढेल असं मला वाटत नाही. आणि बंदीने बदल थांबले आहेत का, हेही बघावं. कुठल्याही शहरात रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढलेली गॅरेजं असतात. तिथे स्प्रिंगा कापून गाड्या खाली बसवतात, मडगार्डला घासणारी चाकं घालतात, ब्रेक मात्र तेच जुने. मी स्वतः एका पोराच्या गाडीचा वेल्ड करून लांबवलेला स्टिअरिंगचा दांडा पाहिला आहे; जोड वरून चकचकीत होता, आत वेल्ड पोहोचलाच नव्हता. तो दांडा कापून मी त्याला नवा आणायला लावला. त्याने तो कुठल्या तपासनिसाला दाखवायचा होता? दाखवला असता तर आधी दंड झाला असता. शिक्षेच्या भीतीने ते काम झाकलं जातं, आणि झाकलेला जोड कुणी तपासत नाही.

दुसरा आक्षेप चोरीच्या गाड्यांचा. हा मला सगळ्यात वजनदार वाटतो. ‘घरी बांधली’ म्हणून चोरीचं इंजिन खपवायला ही पळवाट होईल. उपाय अवघड नाही, पण कडक हवा. ज्या गाडीचे भाग घेतले तिचं नोंदणी पुस्तक जमा करून रद्द करायचं, इंजिन नंबर पोलिसांच्या नोंदींशी ताडायचा, प्रत्येक मोठ्या भागाची पावती आणि बांधकामाचे फोटो ठेवायचे, नवा चॅसी नंबर तपासणी संस्थेनेच समोर ठोकायचा. धुराचं उत्तरही इथेच आहे: इंजिन ज्या गाडीचं, तिचा संगणक, सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळं सोबत बसवलं पाहिजे, आणि धूर त्या इंजिनाच्या मानकाप्रमाणेच मोजला पाहिजे. बीएस-६ चं इंजिन घेऊन पाइप मोकळा सोडणाऱ्याला नापास करा.

तिसरा आक्षेप आमच्याकडे चहाच्या टपरीवरच निघतो: ‘पैसे दिले की पास.’ म्हणूनच हे काम नेहमीच्या खिडकीवर नको. दोन अभियंते, लेखी यादी, चित्रीकरण आणि तपासणी फक्त मान्यताप्राप्त संस्थेत. अशा गाड्यांचा आकडा छोटाच असेल, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे.

तपासणारे आणायचे कुठून, असं विचारणाऱ्यांना मी मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला घेऊन जाईन. २००७ पासून तिथे बाहा ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची गाड्यांची स्पर्धा होते. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला विद्यार्थ्यांच्या स्पर्धा होतात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरापोरींनी कॉलेजच्या शेडमध्ये बांधलेल्या गाड्या तिथे येतात आणि धावण्याआधी तासन्‌तास तपासल्या जातात. रोल हूपचा, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरचं डोकं वाचवणाऱ्या कमानीचा, पाइप किती जाड, ते मोजतात. फॉर्म्युला गाडी साठ अंशांत कलती करून तेल सांडतं का बघतात. ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. ड्रायव्हर पट्टा सोडून पाच सेकंदांत बाहेर आला पाहिजे. माझा पुतण्या अशा एका संघात होता. त्या मुलांनी दोन वर्षं रात्री जागून गाडी बांधली, पास केली, पळवली, आणि परत आल्यावर ती कॉलेजच्या जिन्याखाली उभी राहिली. वर्षभराने तिचे भाग पुढच्या गाडीसाठी काढले. संघातल्या जवळजवळ सगळ्यांनी पुढे संगणकाच्या नोकऱ्या धरल्या. त्यात चूक काही नाही. पण ज्या मुलीने त्या गाडीचे सगळे सस्पेन्शनचे ब्रॅकेट स्वतः जिगवर (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बसवले, तिला आज विचारलं तर ती म्हणते, ‘काका, हात विसरले माझे.’ हे ऐकून मला त्रास होतो. एक माणूस असं कौशल्य मिळवायला वर्षं घालवतो आणि मग ते वापरायची कायदेशीर जागा त्याला देशात नसते.

श्रीमंतांचा छंद आहे, असंही म्हणतात. श्रीमंत माणूस तयार गाडी आयात करतो. बांधतो तो बहुतेक माझ्यासारखा: ज्याच्याकडे पैसा मोजका, वेळ तुकड्यातुकड्यांत आणि हातात कला आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही असे लेथवाले आहेत की भाग हातात घेऊन चूक किती मायक्रॉनची ते सांगतील. त्यांची पोरं धंद्यात यायला तयार नाहीत, कारण रोज तोच जॉब, तोच रेट. माझ्या पार्किंगमध्ये मात्र रविवारी चार-पाच पोरं आपसूक जमतात. आयटीआयचा एक वेल्डरचा विद्यार्थी आहे, त्याने तुकड्यावर वेल्ड मारून, मधोमध कापून, आम्ल लावून आत कितपत मुरलाय ते बघायची सवय लावून घेतली आहे. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. गाडीत कोण बसणार आहे, हे त्याला दिसत होतं.

तर मागणी अशी आहे. नियम १२६ ला एक पोटनियम जोडावा. स्वतःच्या वापरासाठी, स्वतः बांधलेली एक गाडी. भाड्याने द्यायची नाही, पाच वर्षं विकायची नाही. देशभरात सुरुवातीला वर्षाला शंभरच गाड्या, हवं तर पन्नास. बांधायला घेण्याआधी आराखड्याची नोंद. सांगाडा उघडा असताना, रंग लावण्याआधी पहिली तपासणी, कारण रंगाखाली वेल्ड दिसत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत मला हीच एक उणीव वाटते, आपण ती भरून काढू शकतो. बांधणाऱ्याने त्याच हाताने मारलेले वेल्डचे चार तुकडे सोबत आणायचे, संस्थेने ते कापून बघायचे. मग पूर्ण गाडीची तपासणी: ब्रेक, स्टिअरिंग, पट्टे, कडा, दिवे, आवाज, धूर. वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या अक्षराची नंबरप्लेट, म्हणजे समोरच्यालाही कळेल. तृतीयपक्ष विमा सक्तीचा, आणि दर दोन वर्षांनी फेरतपासणी.

शुल्क किती असावं, हे मी सांगणार नाही. जो खर्च येईल तो द्यायला तयार आहे. पुण्याला टेम्पोवर चढवून न्यायला किती पडेल याची चौकशीही करून ठेवली आहे. सांगाड्याच्या उजव्या पुढच्या बारवर सहा इंचांची सपाट पट्टी वेल्ड केली आहे, नंबर ठोकायला. सध्या तिच्यावर प्रायमर आणि ग्रीस आहे. तपासणीत जो जोड नापास होईल तो खडूने खूण करून द्यावा, कापून पुन्हा करतो.